एका जुवाला दोन घरचे बैल

अनुसूयेच्या वडिलांचा बेंगळुरात जटका, म्हणजे टांगा, होता. कॉटनपेठेतल्या त्यांच्या घरामागं घोडा बांधलेला असायचा. सकाळी स्टेशनवर जायच्या आधी वडील त्याला खरारा करायचे, तेव्हा लगाम धरून उभं राहायचं काम अनुसूयेचं. कुठल्या सुरात बोललं की घोडा कान टवकारतो आणि कुठल्या सुरात बोललं की पाय आपटतो, हे तिला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी समजलं होतं. शेत म्हणजे काय ते मात्र लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. भाजी मार्केटातून यायची, दूध गवळी घालायचा आणि रागी, म्हणजे नाचणी, पीठ होऊनच घरात यायची.

अशा मुलीला आनेकलकडच्या हलसिनकेरे गावातून मागणी आली. मुलगा गुंडोजी, विठोजींचा थोरला. घराणं मराठा, पण कैक पिढ्या त्याच लाल मातीत मुरलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. गाव त्यांच्या मळ्याला 'मराठी तोट' म्हणायचं. तोट म्हणजे मळा. कॉटनपेठेतल्या शेजारणी अनुसूयेच्या वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, ही पोरगी चिखलात टिकायची नाही. पाऊस लागला की येते बघा परत."

ती परत आली नाही. पण पहिल्याच महिन्यात तिनं जे केलं, ते हलसिनकेरेत पुढं कितीतरी वर्षं हसून सांगितलं गेलं. सासूनं तिला रागीच्या रानात भांगलायला बसवलं. रागीचं कोवळं रोप आणि गवत दिसायला अगदी जुळी भावंडं. अनुसूयेनं पाठ मोडेस्तोवर काम केलं आणि दिवस कलताना मान वर करून पाहिलं, तर सासू कपाळाला हात लावून उभी. रागी सगळी उपटून बांधावर टाकलेली आणि गवत छान ओळीनं राखलेलं.

सासू तोंड उघडणार तेवढ्यात विठोजी मोठ्यानं हसले. "राहू दे गं," ते म्हणाले. "शेताची आणि हिची ओळख कुणी करून दिली? उद्या मी नेतो हिला."

दुसऱ्या दिवशी विठोजी पुढं आणि डोक्यावरचा पदर सावरत नवी सून मागं, असे दोघं सगळा मळा फिरले. ओढ्याकाठच्या तुकड्यापाशी विठोजी थांबले.

"ह्याला घोड्याचं रान म्हणायचं. आपला पहिला माणूस फौजेबरोबर इकडं आला आणि ह्या ओढ्यात त्याचा घोडा लंगडा झाला. बाकीचे गेले पुढं. हा म्हणाला, घोडा बरा झाला की येतो. गावच्या लोकांनी ह्याला रागीच्या मुद्द्याचे गोळे खायला घातले, घोड्याला कुळीथ. घोडा बरा झाला, पण हा काही हलला नाही."

अनुसूयेला पदराआड हसू आलं.

पुढं विहीर होती, दगडी पायऱ्यांची. "ही येसूबाईची. माझी आजी. मोठा दुष्काळ पडला तेव्हा गडी माणसं धान्य शोधायला बाहेर पडली होती. हिनं पोरं काठावर बसवली आणि स्वतः कुदळ घेऊन खाली उतरली. आजोबा परत आले ते रिकाम्या हातानं, आणि बघतात तर बायको गुडघाभर पाण्यात." मग चढावरचा माळ आला. विठोजींच्या वडिलांनी कोलारकडून भुईमुगाच्या शेंगांचं बी धोतराच्या सोग्यात बांधून आणलं, ते पहिल्यांदा इथं पेरलं. तेव्हापासून तो शेंगांचा माळ.

"आणि तुमचं काय, मामंजी?" अनुसूयेनं विचारलं. सासऱ्यांशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

विठोजींनी कुंपणाच्या कडेनं लावलेल्या फणसांच्या रांगेकडं हात केला. "ते. मी लावले, तुम्ही खा."

त्या दिवसापासून अनुसूयेला शेत आवडायला लागलं. नात्यागोत्यातल्या माणसांसारखी ती एकेका तुकड्याची विचारपूस करायची. कुठं ओल धरते, कुठं कीड आधी येते, कुठल्या कोपऱ्यात पावट्याला भरपूर शेंग लागते, हे तिला दोन-चार वर्षांत असं पाठ झालं की सासूच तिला विचारू लागली. जनावरं तर तिच्यामागं फिरायची. गोठ्यात ती कॉटनपेठेतल्या घोड्याशी बोलायची त्याच सुरात बैलांशी बोलायची, आणि बैलांना ते चालत असावं.

गुंडोजीचा धाकटा भाऊ गिरीराज. थोरला जेवढा सावकाश, तेवढा हा घाईचा. गुंडोजी एखादी गोष्ट करायची की नाही यावर पावसाळा घालवायचा. गिरीराज आधी करायचा आणि मग विचार करायचा. तरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. गिरीराजचं लग्न झालं, होसकोट्याची चंद्राबाई धाकटी सून म्हणून आली, आणि दोन जावांचंही पहिल्या दिवसापासून जमलं. चंद्राबाई गोल चेहऱ्याची, बोलता बोलता हसणारी. अनुसूयेला ती 'अक्का' म्हणायची आणि अक्कानं काहीही सांगितलं तरी तिचं उत्तर एकच असायचं, "सरी, अक्का," म्हणजे बरं, अक्का.

विठोजी गेले आणि त्यानंतर चारेक वर्षांत मळ्यात नीलगिरी आली.

त्या काळात त्या भागात नीलगिरीचं वेडच होतं. रोपं सहज मिळायची, खुरपणी नाही, राखण नाही, झाडं वाढली की कारखान्याचा ट्रक बांधावर यायचा. गिरीराज म्हणाला, शेंगांच्या माळावर नीलगिरी लावू. गुंडोजी म्हणाला, "ते झाड विहीर पिऊन टाकेल." गिरीराज म्हणाला, "अण्णा, तुला नवीन काही दिसलं की तहानच दिसते." शब्दाला शब्द लागत गेला. थोरल्यानं धाकट्याला उतावळा म्हटलं, धाकट्यानं थोरल्याला दगड म्हटलं. वाटण्या झाल्या. माळाच्या मधोमध बांध पडला, घराच्या मधोमध भिंत आली, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते बंदच.

बंद म्हणजे त्यांनी बोलायच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. गिरीराजची गाय गुंडोजीच्या पावट्यात शिरली की गुंडोजी गायीला हाक मारून मोठ्यानं सांगायचा, "जा बाई, तुझ्या मालकाला सांग, दावं कुजलंय." भिंतीपलीकडून गिरीराज कोंबड्याला म्हणायचा, "ऐकलंस का रे? दावं बदलतो म्हणावं." आणि खरोखर संध्याकाळी दावं बदललेलं असायचं. गुंडोजीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात गिरीराज दोन दिवस पंगतीत वाढत होता. व्याह्यांच्या पानात त्यानं आग्रहानं पुन्हा पुन्हा होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाढल्या, पण भावाच्या पानापाशी आला की न बोलता दोन वाढायचा आणि पुढं सरकायचा. गुंडोजीही न बोलता दोन्ही खायचा.

जावांना हे सगळं मुळीच मान्य नव्हतं. त्या दुपारी बांधावर बसायच्या, एक अलीकडं पाय सोडून आणि एक पलीकडं, आणि मधे शेंगांचं सूप. "हे दोघं म्हातारे होईपर्यंत असंच चालणार बघ," अनुसूया म्हणायची. "झालेच की म्हातारे, अक्का," चंद्राबाई हसायची.

नव्वद साल उलटलं. अनुसूयेचा मुलगा यशोवर्धन इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात लागला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला. गिरीराजची भव्या आनेकलला कॉलेजात जाऊ लागली. येसूबाईच्या विहिरीचं पाणी मात्र दर उन्हाळ्याला एकेक पायरी खाली चाललं होतं. पाण्याला जाताना गिरीराज उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायचा. मग एका वर्षी तोडणी झाल्यावर त्यानं नीलगिरीला नवे फुटवे येऊ दिले नाहीत. कुदळ घेऊन तो एकटाच बुंधे खणायला लागला. चंद्राबाई मदतीला जायची. गुंडोजी बांधाच्या अलीकडून दिवसभर ते बघायचा. एका सकाळी गिरीराजला बांधावर एक जड पहार ठेवलेली दिसली, थोरल्याच्या घरातली, त्यांच्या वडिलांच्या हातची. त्यानं ती उचलली आणि काम झाल्यावर संध्याकाळी पुसून तिथंच ठेवली.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीला माळ पुन्हा मोकळा झाला. दोन्ही घरांनी शेंगा पेरायचं ठरवलं आणि नेमकी तेव्हाच पंचाईत झाली. गुंडोजीच्या जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. आठवड्याभरात गिरीराजचा एक बैल ओढ्यात घसरला आणि त्याचा पाय असा दुखावला की तो हंगामभर जुवाखाली येणं शक्य नव्हतं. आता थोरल्याच्या गोठ्यात एक धडधाकट बैल, पुट्टा. धाकट्याच्या गोठ्यात एक, बिळिया. दोन्ही हळ्ळीकार जातीचे, उंच शिंगांचे, एकमेकांच्या बरोबरीचे. गावात ट्रॅक्टर एकच, हयवदनरावांचा, आणि त्यासाठी अर्धा गाव नंबर लावून बसलेला. जमिनीत ओल होती. पेरणीचे दिवस चालले होते.

"भिंतीपलीकडं एक बैल आहे," अनुसूया नवऱ्याला म्हणाली.

"मला ठाऊक आहे," गुंडोजी म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. बाजारात जाऊन बघतो."

त्याच वेळी पलीकडं चंद्राबाईला जवळपास हीच उत्तरं मिळत होती.

बाजाराच्या दिवशी दोघं भाऊ एकाच बसनं आनेकलला गेले, एक पुढच्या दारानं चढून, एक मागच्या. बस वळणावरून दिसेनाशी झाली तशी अनुसूया उठली आणि तिनं कासोटा घातला.

"चंद्रा, बिळियाला सोडून आण."

चंद्राबाई पहिल्यांदाच 'सरी' म्हणाली नाही. "अक्का, बायकांनी नांगर धरायचा? गाव काय म्हणेल?"

"गावाला म्हणावं, तुमचा ट्रॅक्टर द्या. आमच्यातली एक विहिरीत उतरली होती, तेव्हा गावानं तिचंच पाणी प्यायलं ना?"

"पण तुम्हाला येतं का धरायला?"

"नाही येत. बैलांना येतं."

चंद्राबाईला हसू फुटलं आणि हसतच ती बैल आणायला गेली.

पुट्टा आणि बिळिया कधी एका जुवाला चालले नव्हते. पहिल्यांदा दोघांनी शिंगं हलवली, फुसफुस केली, माना फिरवल्या. अनुसूया दोघांच्या मधे उभी राहिली आणि जटक्याच्या घोड्याला लाडात यायची ती सगळी विशेषणं तिनं दोघांना सारखी वाटून दिली. पुट्टाचे कान खाली आले. बिळियानं तिचा पदर हुंगला. मग तिनं नांगर धरला, चंद्राबाई पुढं कासरा धरून चालायला लागली, आणि पहिलं तास निघालं. ते सरळ नव्हतं. मधेच फाळ वर यायचा आणि नुसती माती खरवडली जायची. पण निघालं.

त्यांनी सुरुवात गुंडोजीच्या बाजूनं केली होती. चार-पाच तासं झाली आणि वळताना बिळियाला समोर त्याचा गोठा दिसला. त्याच्या लेखी काम संपलं होतं. तो सरळ बांधावर चढला, पुट्टाला त्याच्याबरोबर जावंच लागलं, चंद्राबाई कासरा टाकून बाजूला पळाली आणि फाळ बांधात रुतून अर्धा बांध उकरून पलीकडं गेला. मागून नांगराची मूठ न सोडता अनुसूया. एवढं सगळं झाल्यावर दोन्ही बैल गिरीराजच्या रानात शांत उभे.

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. बांधाला गाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं.

"आता?" चंद्राबाईनं विचारलं.

अनुसूयेनं घाम पुसला. खिंडाराकडं बघता बघता तिचा चेहरा उजळला. "आता काय. अलीकडं-पलीकडं वळत बसण्यापेक्षा लांब तास बरं. माळ पहिल्यापासून असाच नांगरायचे. चल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

दुपार कलली तोवर कुणीतरी बातमी गावात नेली होती. ओढ्यापलीकडं बायका उभ्या राहून बघत होत्या. हयवदनराव सायकलवरून जाताना थांबले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अनुसूयाम्मा, स्वल्प हळू, बैल दमतील." अनुसूया म्हणाली, "बैल नाही दमले, मी दमलेय." आणि पुढं चालू लागली.

तेवढ्यात बस आली. पुढच्या दारानं गुंडोजी उतरला, मागच्या दारानं गिरीराज. दोघांचे हात रिकामे. बाजारात जो तो जोडी विकत होता. सुटा बैल कुणी देईना. दोघं आपापल्या वाटेनं माळाकडं आले आणि जागच्या जागी थबकले. गुंडोजी माळाच्या एका बाजूला, गिरीराज दुसऱ्या. मधे एका जुवाला दोन घरचे बैल, फुटलेला बांध, आणि नांगरावर थोरली सून.

कोण रागावणार, कोण आधी बोलणार, हे बघायला ओढ्यापलीकडच्या बायका पुढं सरकल्या. पण जे झालं ते वेगळंच. अनुसूयेचा फाळ पुन्हा वर आला, माती नुसती खरवडली गेली, आणि आयुष्यभर नांगर धरलेल्या त्या दोन माणसांना ते बघवलं नाही. दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला.

"अगं, मूठ दाब, मूठ!"

"वहिनी, मूठ दाबा!"

अनुसूयेनं बैल थांबवले. कमरेवर हात ठेवून तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग दिराकडं.

"दोघांनी एकदम सांगितलं तर मला काही कळत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी एकानं सांगा. कोण सांगणार ते तुम्ही आपसांत ठरवा. तोवर मी पाणी पिते."

आणि ती खरोखरच मूठ सोडून चंद्राबाईपाशी जाऊन बसली.

गुंडोजी पायानं ढेकूळ फोडत उभा राहिला. गिरीराजनं आभाळाकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. आसपास कोंबडा नव्हता, गाय नव्हती. निरोप द्यायला कुणीच नव्हतं.

शेवटी धाकट्यानं थोरल्याकडं हात केला. "अण्णा सांगेल," तो म्हणाला.

गुंडोजीनं मान वर केली. इतक्या वर्षांनी 'अण्णा' ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते लांबूनही अनुसूयेला दिसलं. तिनं चंद्राबाईचा हात घट्ट धरला.

"मी कशाला?" गुंडोजी म्हणाला. "डावीकडचा बैल तुझा. तो कसा वळतो ते तुला माहीत."

"तो वळत नाही, अण्णा. घर दिसलं की पळतो."

"मालकावर गेलाय."

ओढ्यापलीकडं कुणीतरी फस्सकन हसलं. मग चंद्राबाई हसली आणि मग तिला थांबता येईना. गिरीराज आधी ओशाळला आणि मग तोही हसला. गुंडोजी माळ ओलांडून आला आणि त्यानं नांगराची मूठ धरली. गिरीराजनं पुढं होऊन कासरा घेतला. दिवस मावळेपर्यंत दोघं नांगरत राहिले, आणि सगळा वेळ बोलत राहिले. बोलणं प्रेमाचं बिलकूल नव्हतं. फाळ किती खोल घालायचा, पुट्टा आतून चालवायचा की बाहेरून, बाजारातला कुठला व्यापारी लबाड, यावर ते एकमेकांना खोडत होते, आणि दोघांचे आवाज पार घरापर्यंत ऐकू येत होते. बांधावर, म्हणजे त्याच्या उरलेल्या तुकड्यावर, दोघी जावा भाजलेल्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, तुम्ही मुद्दाम फाळ वर आणला का?" चंद्राबाईनं हळूच विचारलं.

"नाही गं," अनुसूया म्हणाली. "मला खरंच येत नव्हतं."

त्या वर्षी अखंड माळावर शेंगा पेरल्या गेल्या. बांध कुणी ठरवून काढला नाही. प्रत्येक कोळपणीला त्याचा थोडा थोडा भाग जात राहिला, आणि श्रावण आला तोवर तो कुठून कुठं होता हे दाखवायला भव्याला विचारावं लागलं. नीलगिरीच्या जागेवरचं पीक पिवळट आणि विरळ आलं. एका सकाळी गिरीराज त्या कडेला उभा राहून म्हणाला, "अण्णा, इकडचं रान माझ्यामुळं गेलं."

गुंडोजीनं खाली वाकून एक वेल उपटला, चार शेंगा लागल्या होत्या त्या झाडून बघितल्या. "गेलं कुठं? चार तर आहेत. पुढच्या साली शेणखत टाकू, आठ येतील." आणि एक शेंग फोडून अर्धी भावाला दिली.

घरातली भिंत मात्र राहिली. यशोवर्धन एका रविवारी आला तेव्हा म्हणाला, पाडून टाकू. पण चंद्राबाईची भांड्यांची सगळी फळी त्या भिंतीवर होती, तिनं साफ नकार दिला. मग भिंतीत एक दार पाडलं आणि त्याला कडीच बसवली नाही.

कार्तिकात शेंगा निघाल्या. शेवटच्या सोमवारी बेंगळुरात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते. आसपासच्या गावांतले शेतकरी पहिलं पीक मोठ्या नंदीला दाखवतात आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग मांडून बसतात. गिरीराज म्हणाला, "गाडी जुंपून जाऊ." यशोवर्धन म्हणाला, "काका, टेम्पो करतो ना, दोन तासांत पोचाल." पण गुंडोजी धाकट्याच्या बाजूनं झाला. हे इतकं नवलाचं होतं की पुढं कुणी वादच घातला नाही.

रविवारी उजाडता उजाडता गाडी निघाली. पुट्टा आणि बिळियाची शिंगं रंगवलेली, मागं शेंगांची पोती आणि पोत्यांवर दोघी जावा नव्या लुगड्यांत. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फाटकासमोर यशोवर्धन इडल्या घेऊन उभा होता. तिथं बैलांना पाणी पाजताना जीन्स घातलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी थबकली आणि गाडीकडं बघत राहिली.

"एक्स्क्यूज मी, तुम्ही मराठी बोलताय?" तिनं विचारलं. "मी उल्का. पुण्याची. इथं मराठी ऐकून चारपाच महिने झाले हो! तुम्ही कुठले?"

"इथलेच," अनुसूया म्हणाली.

"नाही, म्हणजे ओरिजिनली? मूळचे?"

"मूळचेही इथलेच गं बाई. आमच्यातल्या एकाचा घोडा लंगडा झाला होता."

उल्काला काही कळलं नाही, पण चंद्राबाईनं तिची ओंजळ ओल्या शेंगांनी भरली आणि म्हणाली, "खा स्वल्प. आमच्याच तोटातल्या आहेत." मुलीनं तिथंच एक शेंग फोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. "ह्या कच्च्या इतक्या गोड असतात?" तिनं विचारलं. गाडी सुटली तरी ती बराच वेळ हात हलवत होती.

सोमवारी बसवनगुडीचा रस्ता माणसांनी फुलून गेला. पीक नंदीपुढं ठेवून झालं, प्रसाद झाला, आणि फुटपाथवर पोतं रिकामं करून दोघा भावांनी ढीग मांडला. गुंडोजी माप भरायचा आणि गिरीराज ओरडायचा. त्याच्या ओरडण्यात एवढी गंमत होती की शेजारच्या ढिगावरची गिऱ्हाइकंसुद्धा वळून यायची. दुपारपर्यंत एक पोतं संपलं.

देवळामागच्या मैदानात मोठा फिरता पाळणा लागला होता. अनुसूया लहानपणी वडिलांच्या जटक्यात बसून ह्या जत्रेला आली होती, पण तेव्हा पाळण्यात बसायला मिळालं नव्हतं; ती फार लहान होती. पुढं संसार आला आणि ते राहूनच गेलं. आता तिनं हातातली परडी खाली ठेवली.

"चंद्रा, चल."

"कुठं, अक्का?"

"वर."

"सरी, अक्का," चंद्राबाई म्हणाली, आणि मग वर म्हणजे कुठं ते लक्षात आल्यावर, "अगं बाई!"

लुगडी आवरून, एकमेकींचा हात धरून, पोराबाळांच्या रांगेत उभ्या राहून दोघी पाळण्यात बसल्या. पाळणा उचलला गेला तशी चंद्राबाईनं डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतलं. अनुसूयेनं मात्र डोळे उघडे ठेवले. झाडांचे शेंडे खाली गेले, देवळाचं शिखर बरोबरीला आलं, आणि पाळणा वरच्या टोकाला जाऊन थांबला. खाली रस्त्याच्या दोन्ही कडांनी शेंगांचे ढीग दूरवर पसरले होते. उत्तरेला, धुरकट उन्हात, कॉटनपेठ कुठंतरी असणार. वारा सुटला होता आणि तिच्या अंबाड्यातलं अबोलीचं फूल उडून खालच्या कुणाच्या तरी पाळण्यात पडलं.

"डोळे उघड गं," ती म्हणाली. "ते बघ आपले दोघं."

चंद्राबाईनं एक डोळा उघडला. खाली मुठीएवढे गुंडोजी आणि गिरीराज एकमेकांसमोर हातवारे करत होते.

"अक्का, भांडतायत वाटतं."

"भांडतायतच," अनुसूया समाधानानं म्हणाली आणि ओटीतली एक शेंग फोडून तिच्या हातावर ठेवली.

पाळणा खाली आला. पाळणेवाल्यानं पुढची आडवी दांडी उचलली आणि दोघी उतरायची वाट बघत उभा राहिला. दोघी हलल्या नाहीत. चंद्राबाईनं स्वतःच हात पुढं करून ती दांडी खाली ओढून घेतली आणि त्याला कन्नडमध्ये सांगितलं, अजून एकदा, आणि या वेळी वर स्वल्प जास्त वेळ थांबव.